नवी फाइल कोणाकोणाला दिसावी

लग्नात, मय्यतीत किंवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणी मला विचारलं की परकारभाई, तुम्ही नेमकं काय काम करायचात, आणि मी खरं उत्तर दिलं, तर समोरचा माणूस पाचव्या मिनिटाला आपला मोबाइल माझ्या हातात देतो. जरा बघा, हँग होतोय. कोपरखैरण्याच्या आमच्या बिल्डिंगीत माझी ख्याती बंद प्रिंटर चालू करून देणारा अशी आहे. उभा जन्म सर्व्हर सांभाळण्यात गेला आणि शेवटी ओळख मिळाली ती ही. म्हणून ह्या अंकासाठी कामाबद्दल लिहा असा संपादकबाईंचा फोन आला, तेव्हा मी आधी विचारून घेतलं, की तुमचा प्रिंटर तर बिघडलेला नाही ना?

मी महाप्याला एका मोठ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होतो. वाशी, नेरूळ, पनवेल, पार उरणपर्यंतच्या सेंटरांवर घेतलेल्या रक्ताच्या नळ्या आमच्याकडे यायच्या. मशिनं त्यांचे आकडे काढायची, ते आकडे युनिक्सवर चालणाऱ्या एका सर्व्हरवर जमायचे, डॉक्टर ते तपासून सही करायचे आणि रिपोर्ट पेशंटकडे जायचा. त्या सर्व्हरचा मी रखवालदार. काम नीट चाललं तर कोणाला माझी आठवण नाही आणि बिघडलं तर माझ्याशिवाय कोणाची आठवण नाही.

ज्या प्रसंगाबद्दल लिहायचंय तो कळण्यासाठी एवढं एकच समजून घ्या. युनिक्स प्रत्येक फाइलीसाठी तिघांचा विचार करतं. पहिला तिचा मालक, म्हणजे ज्याने ती बनवली तो. दुसरा त्याचा गट, म्हणजे बरोबर काम करणारे. तिसरे ‘बाकीचे’, म्हणजे ज्याचं ज्याचं सर्व्हरवर लॉगिन आहे ते अख्खं गाव. ह्या तिघांना वेगवेगळं सांगता येतं, की तू वाच, तू लिही, तू हात लावू नकोस. पण दिवसभर फाइली बनवणारा माणूस दर फाइलीला हे सांगत बसत नाही. म्हणून नवी फाइल तयार होतानाच तिच्यावर कोणाला काय करता येईल, हे आधीच एका आकड्याने ठरवून ठेवतात. त्याला युमास्क म्हणतात.

ह्या आकड्याची खोड अशी की तो काय द्यायचं ते सांगत नाही, काय द्यायचं नाही ते सांगतो. वजाबाकी आहे ती. शून्य बावीस ठेवला तर फाइलीत लिहायचं फक्त मालकाने, पण वाचायला सगळ्यांना मोकळीक. शून्य सत्त्याहत्तर ठेवला तर मालक सोडून कोणालाच काही नाही. शून्य सत्तावीस म्हणजे गटाने वाचावं, बाकीच्यांनी लांब राहावं. आमच्याकडे शून्य बावीस होता. का होता? तर सर्व्हर आला तेव्हा तसाच आला म्हणून. बिल्डरने प्रत्येक नवा फ्लॅट दार सताड उघडं ठेवून ताब्यात द्यावा आणि म्हणावं, कुलूप काय, तुम्ही नंतर लावून घ्या, तसला प्रकार. लावून घेणारा शोधून सापडत नाही.

हे मी इथे एका परिच्छेदात सांगितलं. नोकरीत हेच सांगता सांगता माझा घसा बसला. आमच्या बिलिंगमधल्या राणेची गोष्ट ऐका. रोज त्याचा फोन, सर, फाइल उघडत नाही. एकदा त्याला कुठूनतरी कळलं की सातशे सत्त्याहत्तर म्हणजे सगळं मोकळं. ते खरंच आहे, पण ते तयार फाइलीची परवानगी बदलताना. युमास्कमध्ये तोच आकडा उलटा होतो. राणेने मला न विचारता आपल्या लॉगिनच्या सेटिंगमध्ये युमास्क सातशे सत्त्याहत्तर लिहून टाकला. म्हणजे सर्व्हरला हुकूम दिला, की मी यापुढे जी फाइल बनवीन ती कोणालाही, अगदी मलासुद्धा, उघडता येऊ नये. सर्व्हर आज्ञाधारक असतो. दुपारी राणे माझ्या खोलीत आला तो लालबुंद होऊन.

“तुम्ही मला ब्लॉक केलंय, सर.”

मी त्याला त्याचीच सेटिंग उघडून दाखवली, वजाबाकी समजावली. त्याने मन लावून ऐकलं आणि म्हणाला, पण असं कोण करेल? तू केलंस, मी म्हटलं. तरीसुद्धा पुढे बरेच दिवस तो कँटीनमध्ये सांगत होता, की परकार सरांनी आमाला ब्लॉक केलं होतं, साहेबांकडे गेल्यावर सोडलं.

साहेब म्हणजे सबनीस. ऑपरेशन्स मॅनेजर. माणूस वाईट नव्हता, त्यांना फक्त फोन आवडत नसत. ज्या गोष्टीबद्दल फोन येत नाही ती ठीक चालली आहे, ही त्यांची व्याख्या. आमच्याकडे रिपोर्टांचा सगळा फोल्डर प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर आर ड्राइव्ह म्हणून दिसायचा. लॅबच्या सॉफ्टवेअरला पासवर्ड होता, डॉक्टरची सही होती, सगळा बंदोबस्त होता, पण तो पुढच्या दाराला. आर ड्राइव्ह हे मागचं दार आणि शून्य बावीसमुळे ते उघडं. स्टोअरमध्ये हातमोजे मोजणारा माणूससुद्धा मनात आणलं तर कोणाचाही रिपोर्ट वाचू शकत होता. फाइलीच्या नावातच पेशंटचं नाव असायचं.

मी सबनीसांकडे गेलो आणि हे बदलू म्हटलं. ज्यांना रिपोर्ट लागतात त्यांचा एक गट करू, नव्या फाइली त्या गटालाच दिसतील असं ठेवू, जुन्या फाइली सावकाश आवरून घेऊ. त्यांनी विचारलं, कोणाची तक्रार आली आहे का? मी म्हटलं, नाही. मग तुम्हालाच का टेन्शन, ते म्हणाले, आणि बदलल्यावर उघडत नाही म्हणून फोन कोणाला येतील? मी तो गट सर्व्हरवर बांधून ठेवला. वापरायची परवानगी काही मिळाली नाही. पुन्हा एकदा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा जाऊन बोललो तेव्हा त्यांनी मला चहा मागवला आणि विषय बदलला.

आता उज्ज्वलाबद्दल. उज्ज्वला तांबे नळ्या उतरवून घेण्याच्या काउंटरवर बसायची. नळीवरचं नाव बघायचं, बारकोड चिकटवायचा, माहिती टाइप करायची. तिच्याइतकं जलद आणि बिनचूक टायपिंग लॅबमध्ये कोणाचं नव्हतं. माहेर महाडकडचं, सासर कोपरखैरण्यातच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची, त्यामुळे मी तिला पहिल्यापासून अगंतुगं करायचो. दुपारी तिच्या टेबलावर गर्दी असायची, कारण ती सुकटीची चटणी आणायची आणि मोठा डबा भरून आणायची.

लॅब असल्यामुळे आम्हा नोकरमंडळींची दर वर्षी फुकट तपासणी व्हायची. त्या वर्षीही झाली. त्यानंतर काय झालं ते तिनेच मला नंतर सांगितलं. एके दिवशी चटणी कोणी घेतली नाही. आज भूक नाही, आज पोट बिघडलंय, प्रत्येकाचं काहीतरी. दुसऱ्या दिवशी तेच. मग पाण्याच्या कूलरशेजारी एक वेगळा स्टीलचा ग्लास आला आणि कोणीतरी गोड आवाजात तिला सांगितलं, हा तुझ्यासाठी ठेवलाय हं. ती काउंटरवरून उठली की तिच्या जागी बसणारी मुलगी कीबोर्ड पुसून घ्यायला लागली. शेवटी तिने एका मैत्रिणीला जिन्यात गाठलं आणि काय झालंय ते विचारलं. मैत्रीण खालच्या आवाजात म्हणाली, तुझ्या रिपोर्टमध्ये ते काविळीचं आलंय ना, बी वालं.

उज्ज्वलाने स्वतःचा रिपोर्ट तोवर पाहिलेला नव्हता. आमच्या मुख्य पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर रेगेबाईंनी तो थांबवून ठेवला होता, कारण अशा तपासणीत दुसऱ्यांदा खात्री केल्याशिवाय माणसाला सांगायचं नाही, अशी त्यांची पद्धत. डॉक्टरांनी सॉफ्टवेअरमध्ये थांबवला होता. खाली सर्व्हरवर फाइल तयार होऊन पडली होती आणि ती वाचायला अख्ख्या ऑफिसला मोकळीक होती. कोणीतरी आपला रिपोर्ट आलाय का बघायला आर ड्राइव्ह उघडला असणार, शेजारी ओळखीचं नाव दिसलं असणार. बाईला स्वतःचा आजार कळला तो ग्लासावरून.

ती माझ्या खोलीत आली तेव्हा हे मला काही माहीत नव्हतं. ती उभीच राहिली. खुर्ची पुढे केली तरी बसली नाही. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, “सर, माझा रिपोर्ट कोणी कोणी उघडला त्यांची नावं मला पाहिजेत.”

“वाचणाऱ्याची नोंद राहत नाही, उज्ज्वला. लिहिलं तर कळतं. नुसतं वाचलं तर नाही.”

“मग कोणाला उघडता येत होता?”

“सर्व्हरवर ज्याचं लॉगिन आहे त्या प्रत्येकाला.”

“तुम्हाला?”

“मला तर इथलं काहीही उघडता येतं.”

“तुम्ही बघितलात?”

“नाही.”

तिचा विश्वास बसला की नाही ते मला कळेना. मग म्हणाली, “माझी आजी सांगायची, तिच्या लहानपणी त्यांच्या ओंजळीत पाणी वरून ओतायचे. मी तिला म्हणायचे, आजी, आता नाही गं तसं, आमच्या ऑफिसात सगळे एका डब्यात जेवतात.”

मी कीबोर्ड पुढे ओढला आणि तिच्यासमोर, फाइल न उघडता, तिच्या रिपोर्टाची परवानगी बदलली. मग कोणालाही न विचारता तपासणीतल्या सगळ्या नोकरमंडळींचे रिपोर्ट बंद केले. तिला म्हटलं, आता हे फक्त डॉक्टरांना दिसतील. ती ‘आता काय उपयोग?’ असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

तिथून ती डॉक्टर रेग्यांकडे गेली. डॉक्टर बोलायला कमी आणि बोलतील ते टोचणारं, पण त्या दिवशी त्यांनी तिला समोर बसवून नीट सांगितलं. दुसरी तपासणीही तशीच आली होती. बहुधा जन्मापासून असेल, आईकडून आलेलं. यकृत चांगलं आहे, ठरावीक काळाने तपासत राहायचं, घाबरण्यासारखं काही नाही. जेवणातून, पाण्यातून, हात लावल्याने हे पसरत नाही. हे शेवटचं वाक्य सांगताना डॉक्टरांचा आवाज चढला, असं उज्ज्वला म्हणाली. चढणारच. ही लॅब होती. आमच्या निम्म्याहून जास्त लोकांनी ह्याच आजाराची लस टोचून घेतलेली होती. आणि तीच माणसं कीबोर्ड पुसत होती.

मग डॉक्टर रेगे सबनीसांच्या केबिनमध्ये गेल्या आणि मला बोलावणं आलं. सबनीसांचं पहिलं म्हणणं, की ही गोष्ट ऑफिसच्या बाहेर जाऊ नये. डॉक्टर म्हणाल्या, ती ऑफिसच्या आत गेली म्हणूनच मी इथे आले आहे. त्यावर साहेबांनी माझ्याकडे वळून फर्मान सोडलं, “बंद करा. सगळं बंद करा.”

मी म्हटलं, सगळं बंद करून चालत नाही. मशिनवरची मुलं फाइल बनवतात, डॉक्टर ती उघडतात, रिपोर्ट पाठवणारा प्रोग्रॅम तिसऱ्याच नावाने चालतो. गट लावून मगच आकडा बदलायला हवा. तोवर निदान आर ड्राइव्ह ज्यांना नको त्यांच्याकडून काढून घेऊ द्या. त्यावर साहेब म्हणाले, बिलिंगवाले ओरडतील. माझी बकरी ईदची रजा लागली होती. मी आल्या आल्या काम हातात घेतो म्हटलं, तोवर कोणी काही हलवू नका असं बजावलं आणि म्हसळ्याकडे गावी गेलो.

मी गाव गाठलं त्याच दिवशी सबनीसांना वरून विचारणा झाली असावी. त्यांनी सर्व्हर पुरवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरला फोन केला. त्याला काय, गिऱ्हाइकाने कुलूप लावा म्हटलं, त्याने लावलं. युमास्क शून्य सत्त्याहत्तर करून मोकळा झाला. संध्याकाळी काहीच बिघडलं नाही, कारण जे आधीपासून लॉगिन करून बसले होते त्यांना जुनाच आकडा लागू होता. सबनीसांनी वर कळवलं, सगळं सुरक्षित केलं आहे. सकाळची पाळी आली, प्रत्येकाने नव्याने लॉगिन केलं आणि लॅब ठप्प झाली. मशिनवरच्या मुलाने बनवलेली फाइल फक्त त्यालाच उघडायची. डॉक्टरांना नाही, पाठवणाऱ्या प्रोग्रॅमला नाही.

आणि ज्यासाठी हे केलं त्याचं काय? तर युमास्क फक्त नव्या फाइलींना लागतो. जुन्या फाइलींना तो शिवतही नाही. नोकरमंडळींचे तेवढे मी बंद केले होते, पण बाहेरच्या पेशंटांचे सगळे जुने रिपोर्ट होते तसेच सताड उघडे. म्हणजे ज्यांनी वाचू नये त्यांना सगळं दिसत होतं आणि ज्यांनी वाचलंच पाहिजे त्यांना काही दिसत नव्हतं. इतकं चोख उलटं काम ठरवून करायला गेलं तर जमणार नाही.

आमच्या गावात रेंज मिळते ती खाडीकडच्या बांधावर. ईदची नमाज होऊन मी घरी येतो न येतो तोच चुलतभाऊ बांधावरून धावत आला (ऑफिसात मी त्याचाही नंबर देऊन ठेवला होता), की तुझ्या कंपनीचा फोन माझ्या फोनवर येतोय. माझी बायको रुखसाना दारातून म्हणाली, तो फोन खाडीत टाका आदी. मी नवीन कुर्त्यातच बांधावर जाऊन उभा राहिलो.

सबनीस म्हणाले, “परकार, सगळं बंद पडलंय.”

“तुम्हाला बंदच हवं होतं ना, साहेब?”

“पण आपल्या लोकांसाठी नको होतं.”

मी विचारलं, इंजिनिअर कुठे आहे? तो फोन उचलत नव्हता. सर्व्हरचा मुख्य पासवर्ड सीलबंद पाकिटात साहेबांच्या कपाटात असायचा. म्हटलं, पाकीट फोडा, माझ्या खोलीत सर्व्हरसमोर बसा आणि मी सांगतो ते टाइप करा. सबनीस एका बोटाने टाइप करत. शिवाय शाळेत शिकवल्याप्रमाणे पहिलं अक्षर कॅपिटल. युनिक्सला लहानमोठं अक्षर वेगळं. प्रत्येक वेळी सर्व्हर म्हणे, अशी आज्ञाच नाही. साहेब म्हणत, तुमचा सर्व्हर बिघडलाय. मी म्हणे, सगळी लहान अक्षरं, साहेब. ते म्हणत, लहानच केली. पहिलं? पहिलं तर मोठंच असतं ना.

तेवढ्यात फोन डॉक्टर रेग्यांनी घेतला. त्या सकाळपासून मशिनजवळ उभ्या राहून स्क्रीनवरचे आकडे वाचत होत्या आणि ज्यांचे आकडे धोक्याचे होते त्यांच्या हॉस्पिटलांना स्वतः फोन लावत होत्या. वाशीला एका डायलिसिसच्या पेशंटचं पोटॅशियम इतकं वाढलं होतं की रिपोर्टची वाट बघत बसले असते तर त्याचं हृदय थांबलं असतं. तेवढा फोन वेळेत गेला. पण मशिनवर आकडे फार काळ राहत नाहीत, नवे आले की जुने वर सरकतात. “मी किती जणांना असे फोन करत राहू?” त्यांनी विचारलं.

“टायपिंग येणारं माणूस द्या, डॉक्टर. दुसरं काही नको.”

त्या म्हणाल्या, उज्ज्वलाला बोलावते.

ह्या लोकांनी जिचा ग्लास वेगळा केला तिलाच आता ह्यांची लॅब चालू करायला बोलवायचं. पण फोनवर तिचा आवाज आला तो नेहमीसारखा, काउंटरवरचा. “बोला, सर.”

मी सांगत गेलो. तीन-चारच आज्ञा होत्या. आकडा शून्य सत्त्याहत्तरचा शून्य सत्तावीस करायचा. सकाळपासूनच्या फाइली मी बांधून ठेवलेल्या त्या गटाच्या नावावर करायच्या, गटाला वाचायची परवानगी द्यायची, गटात डॉक्टर, मशिनवाले आणि पाठवणारा प्रोग्रॅम एवढेच ठेवायचे. मग सगळ्यांना एकदा बाहेर पडून परत लॉगिन करायला सांगायचं. मी एकेक अक्षर बोलायचो, ती मला परत वाचून दाखवायची आणि मगच एंटर दाबायची. मागे सबनीसांचा आवाज येत होता, झालं का, झालं का. तिने त्यांना उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने दुरून कोणीतरी ओरडलं, उघडली. डॉक्टरांच्या चपलांचा आवाज लांब गेला, त्यांच्यामागे साहेबांचाही.

फोन चालूच होता. उज्ज्वला माझ्या खुर्चीवर एकटी, मुख्य पासवर्डने आत शिरलेली. मला एकदम जाणवलं, ह्या घडीला तिच्यापासून काहीच लपलेलं नाही. पगार, इतरांच्या तपासण्या, ग्लास ठेवणारीचा रिपोर्ट, कीबोर्ड पुसणारीचा रिपोर्ट. आणि वाचणाऱ्याची नोंद राहत नाही, हे मीच तिला सांगितलेलं. तिच्याही ते लक्षात आलं होतं.

“सर, इथून मला कोणाचंही काहीही दिसेल ना?”

“हो.”

भरतीचं पाणी बांधाला लागत होतं, तेवढाच आवाज.

“ह्यातून बाहेर कसं पडायचं ते सांगा,” ती म्हणाली.

मी सांगितलं. तिने टाइप केलं, परत वाचून दाखवलं आणि फोन ठेवला. मी तिथेच बांधावर बसलो. कुर्त्याला चिखल लागला म्हणून नंतर घरी बोलणी खाल्ली.

रजा संपवून आलो ते जुन्या फाइली आवरायलाच बसलो. आता सबनीसांची हरकत नव्हती, उलट दर तासाला विचारायचे. आर ड्राइव्ह निघाला. बिलिंगवाले ओरडले नाहीत. खरं तर कोणाच्या लक्षातही आलं नाही, फक्त राणेचा फोन आला, सर, माझा आर गेला. वाचणाऱ्याची नोंद ठेवायची सोयही तेव्हा केली. पण आधीचं गेलं ते गेलं. उज्ज्वलाचा रिपोर्ट पहिल्यांदा कोणी उघडला ते कधीच कळलं नाही. ही गोष्ट मला अजून खुपते, कारण त्या ऑफिसात मी पुढे कितीतरी वर्षं बसलो आणि रोज ज्यांना सलाम-नमस्कार करत होतो त्यांतलंच कोणीतरी ते होतं. काही महिन्यांनी ऑडिट झालं. सबनीसांनी ऑडिटरला सांगितलं, की आमच्याकडे पहिल्यापासून गरजेपुरतीच परवानगी देण्याचं धोरण आहे. मी शेजारीच होतो. ऑडिटरने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, सेटिंग दाखवतो, धोरणाचं साहेबांना विचारा.

कँटीनचं म्हणाल तर डॉक्टर रेग्यांनी भाषण वगैरे दिलं नाही. त्या कधी कँटीनमध्ये येत नसत, त्या एका दुपारी आल्या, उज्ज्वलासमोर बसल्या, तिच्या डब्यातली चटणी वाढून घेतली आणि जेवल्या. जाताना कूलरजवळचा तो वेगळा ग्लास उचलून त्याच ग्लासाने पाणी प्यायल्या. त्यानंतर काही जण तिच्या टेबलावर परत आले. काही आले नाहीत. ती कोणालाही बोलवायला गेली नाही.

एक मात्र तिने केलं. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, मला हे शिकायचंय. मी म्हटलं, काउंटरचं काम सोपं आहे, इथे शिव्या फार खाव्या लागतात. ती म्हणाली, तिकडे काय खाल्लं ते तुम्हाला माहितीच आहे. संध्याकाळी वाशीला क्लास केला, परीक्षा दिली. माझ्या खोलीत दुसरं टेबल लावायला सबनीसांनी लगेच सही केली. त्यांना तो विषय मिटल्यासारखा वाटला असावा. कामात ती माझ्यापेक्षा कडक निघाली. राणे मला घाबरत नसे, तिला घाबरायचा.

मी निवृत्त झाल्यावर माझ्या खुर्चीवर ती बसली. सबनीस पुण्याला गेले, नवे मॅनेजर आले. मध्ये तिचा फोन आला. आधी घरची चौकशी झाली, तिच्या तपासण्या ठीक असल्याचं तिने सांगितलं. मग मला विचारलं, सर, वेळ आहे का, एक गंमत सांगते. नव्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात तिला बोलावून घेतलं. एवढे गट कशाला, एवढी कुलपं कशाला, लोकांचा वेळ जातो, मला फोन येतात. पूर्वीसारखं सगळ्यांना दिसेल असं करून टाका.

माझा रक्तदाब फोनवरच वाढला. म्हटलं, मग तू काय सांगितलंस?

“मी वही-पेन काढलं आणि म्हटलं, नावं सांगा सर, लिहून घेते. एकेकाचं नाव आणि त्याला काय बघायचंय ते. ते म्हणाले, अहो नावं कसली, सगळे. मी म्हटलं, सगळे नावाचा माणूस आपल्याकडे कामाला नाही.”